ऐपतदार जामीन

निकाल वाचून झाला तेव्हा सारजाबाईला वाटलं, आपण हरलो. सुकन्या मॅडम हसत बाहेर आली तेव्हा वाटलं, जिंकलो. खरं काय झालंय ते व्हरांड्यातल्या बाकावर बसल्यावर कळलं.

सुकन्या मॅडम म्हणजे तिची वकील. गरिबांना सरकारकडून फुकट वकील मिळतो, तशी मिळालेली. वय सव्वीस-सत्तावीस, खांद्याला जड पिशवी, आणि समोरच्याला कळेपर्यंत तीच गोष्ट तीनदा सांगायची तयारी.

"मावशी, सृष्टी आजीकडंच राहणार. तिच्या जमिनीच्या पालक मात्र तुम्ही."

"म्हंजी पोर त्येंची आन् रान माजं?"

"रानसुद्धा तुमचं नाही. रान सृष्टीचं. ती अठराची होईपर्यंत तुम्ही ते फक्त राखायचं."

सारजाबाईनं मान हलवली. पहिलं तिला आधीच ठाऊक होतं. जजसाहेबांनी मागच्या तारखेला पोरीला आत बोलावून विचारलं होतं, बाळ, तुला कुणाकडं राहायचंय? दार लोटलेलं होतं, पण बंद नव्हतं. भावाची दहा वर्षांची पोर सृष्टी एवढंच म्हणाली होती, "आजीकडं." त्यात तिचं काय चुकलं? आजोळी मोहोळजवळ तिच्या मैत्रिणी होत्या, मामाची पोरं होती. सोलापुरात आत्याकडं काय होतं, तर पत्र्याची एक खोली आणि सकाळी आठ ते रात्री आठ कुलूप.

तरीही सारजाबाईनं खोलीत जागा केली होती. भाऊ भीमा आणि त्याची बायको गेल्या माघात एका लग्नाहून परत येताना उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून जागच्या जागी गेले. तेरावा उरकून सारजाबाई सोलापूरला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन चौकशी केली, पाचवीत जागा आहे का म्हणून. जुन्या बाजारातून पोरीच्या उंचीचं लोखंडी कपाट आणलं. त्याच्या खालच्या कप्प्यात ती आता कांदे ठेवत होती.

"अजून एक आहे," सुकन्या मॅडम म्हणाली. "तुम्ही कोर्टाला बंधपत्र लिहून द्यायचं, की मी पोरीची मिळकत नीट सांभाळीन. आणि तुमच्यामागं एक ऐपतदार जामीन उभा करायचा. ज्याच्या नावावर जमीन किंवा घर आहे असा. उद्या तुम्ही पोरीचं काही खाल्लंत, तर कोर्ट त्याच्याकडनं वसूल करणार."

"मी कशाला खाईन?"

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. कोर्टाला कसं माहीत असणार?"

"आन् जामीन न्हाय मिळाला तर?"

"महिन्याची मुदत आहे. त्यात नाही झालं तर दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज येईल."

दुसरा कुणीतरी म्हणजे अजिनाथ. सारजाबाईचा चुलतभाऊ. केम या त्यांच्या गावी भीमाच्या चार एकरांना त्याचं रान लागून होतं, मधे एक बांध. भीमाला जाऊन महिना झाला नाही तोवर त्यानं बांध चार हात आत सरकवून नांगर घातला होता. सातबाऱ्यावर सृष्टीचं नाव लागलं, त्यापुढं 'अ.पा.क.' म्हणून, म्हणजे अज्ञान पोरीचा पालनकर्ता म्हणून, आपलं नाव लावा असा अर्जही तलाठ्याकडं देऊन आला होता. तेवढ्यासाठीच तर सारजाबाई कोर्टाची पायरी चढली.

संध्याकाळी खोलीवर येऊन तिनं मनाशी माणसं आठवायला घेतली.

चोवीस वर्षं ती सोलापुरात होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायचं मशीन चालवत होती. चोवीस वर्षांत किती माणसं ओळखीची होतात? रिक्षावाला, किराणावाला, मुकादम, शेजारच्या मशीनवरच्या बाया. प्रत्येकाशी तिचं बरं होतं. कुणाशी भांडण नाही, कुणाची उधारी नाही. पण हा माणूस माझ्यासाठी कोर्टात उभा राहील, असं म्हणायला गेलं की एकेक चेहरा मागं सरकत होता.

पहिल्यांदा तिनं मालकांना विचारलं. मालक सज्जन होते, तेलुगू बोलणाऱ्या जुन्या विणकर घराण्यातले. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुझ्यावर अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण वडिलांनी मरताना शब्द घेतलाय, कुणाला जामीन राहायचं नाही. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा मी राहिलो नाही." आणि वर म्हणाले, "रजा लागली तर घे, पगार कापणार नाही."

शेजारच्या मशीनवरची ईरम्मा मात्र ऐकताच उठली. "मी येते की. कुटं सही करायची?"

"घर तुज्या नावावर हाय का?"

ईरम्माचं घर नाल्याच्या कडेच्या वस्तीत होतं. लाइटबिल होतं, पाणीपट्टी होती, जागेचा कागद नव्हता. ती कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि खाली बसली. त्या दिवशी तिनं आपल्या डब्यातली शेंगाचटणी सगळीच्या सगळी सारजाबाईच्या भाकरीवर वाढली.

मग सारजाबाई केमला गेली. स्टेशनावरून चालत गावात पोचेपर्यंत अजिनाथला खबर लागली होती. तो आपणहून चावडीजवळ भेटला.

"आक्का, जामीनच पायजे न्हवं? मी ऱ्हातो की. घरचा मानूस आस्ताना बाहेर कशाला हिंडतीस?"

"आन् रान?"

"रान मी कसतो. तू तिकडं सोलापुरात, तू काय बैल धरनार हाईस? तू कागदावर पालक ऱ्हा, मला रानात ऱ्हाऊ दे."

"बांध कुटं जाईल मग?"

अजिनाथ हसला. "बांधाचं काय घिऊन बसलीस."

गावात आणखी चार घरी ती गेली. चारही ठिकाणी चहा मिळाला. एकानं सांगितलं, पोराला विचारतो. एकानं सांगितलं, आमचं रान सोसायटीकडं अडकलंय. उरलेल्या दोघांनी सांगितलं नाही, पण अजिनाथशी वाकडं घ्यायचं त्यांच्या मनात नव्हतं, आणि ते सारजाबाईला समजलं. परतीच्या गाडीत तिला जागा मिळाली नाही. कुर्डुवाडीपर्यंत ती दाराशी उभी राहिली आणि तिथं तिला तो माणूस आठवला, ज्याच्यापाशी जमीन होती आणि सारजा दुसऱ्याचं खात नाही हे ज्याला पक्कं माहीत होतं.

त्याचं नाव ती घेत नसे. बायकांनी घ्यायचं नसतं म्हणून आधी, आणि घ्यायचं कारण उरलं नाही म्हणून नंतर.

सतराव्या वर्षी लग्न होऊन ती माळशिरसच्या पुढच्या एका वस्तीवर नांदायला गेली होती. सहा वर्षं नांदली. मेंढरं राखली, लोकर कातली, पावसाळ्यानंतर कळपामागं कोकणात उतरली. मूल झालं नाही. सहाव्या वर्षी पंचमीला माहेरी धाडलं ते न्यायला कुणी आलंच नाही. दिवाळीत कळलं, सिद्धनाथनं दुसरी केली. भीमा तेव्हा काठी घेऊन निघाला होता. पोटगीचा दावा लावू म्हणाला होता. सारजाबाईनं त्याला उंबऱ्यातून मागं ओढलं. "मागून आनलेलं गोड लागत न्हाय," म्हणाली आणि दोन महिन्यांनी सोलापूर गाठलं.

मुदतीचे बारा दिवस उरले होते. तिनं एक दिवसाची रजा टाकली आणि पहाटेची एसटी पकडली.

फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत दोन मैल चालायचं होतं. वाट तीच होती, घर ते नव्हतं. तिच्या वेळची दगडमातीची खोली जाऊन स्लॅबचं घर झालं होतं, दारात मोटरसायकल होती. कुडाच्या आडोशाला एक बाई करडांना पाला टाकत होती. अंगानं भरलेली, केस पांढरे.

"कोन पायजे?"

"ह्येंच्याकडं काम हुतं."

"कुटनं आलाय?"

"सोलापुरातनं. मी सारजा. केमची."

बाईचा हात पाल्यावर थांबला. ती केराबाई, सिद्धनाथची दुसरी. दोघींनी एकमेकींना आधी कधी पाहिलं नव्हतं. केराबाई आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. कुणीही आलं तरी जसं पाणी द्यायचं, तसं दिलं.

सारजाबाई पाणी पीत असताना ती म्हणाली, "वाटणी मागायला आलाय?"

"न्हाय. सही मागायला."

"कसली?"

सारजाबाईनं सांगितलं. सुकन्या मॅडमनं तिला सांगितलं होतं, तसंच तीनदा सांगायची तिची तयारी होती. केराबाईला एकदाच सांगावं लागलं.

"म्हंजी तुमी खाल्लं तर आमी भरायचं."

"व्हय."

"आन् तुमी खानार न्हाय."

"न्हाय."

"समदी तसंच म्हनत्यात."

"व्हय," सारजाबाई म्हणाली.

केराबाईनं करडांना आणखी पाला टाकला. "ती पोरगी तुमच्यापाशी ऱ्हाती?"

"न्हाय. आजीपाशी."

"मग तुमाला काय गावतंय ह्यात?"

हा प्रश्न कोर्टात कुणी विचारला नव्हता. सारजाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "भावाचं रान हाय," ती म्हणाली. "कुनीतरी बगायला नगं?"

दुपार कलली तेव्हा सिद्धनाथ मेंढरं घेऊन आला. एका गुडघ्यावर जोर देत चालत होता. तिला पाहून त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "कवा आलीस?" जणू सकाळी बाजाराला गेलेलं माणूस परत आलं होतं.

"झाला येळ."

तो ओट्यावर बसला. सगळं केराबाईनंच सांगितलं. सारजाबाई खाली बघत होती. त्याचे पाय तिला दिसत होते, अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "भीमाचं मला कळलं हुतं. येनार हुतो." मग त्यानं गुडघा चोळला. "जामिनाचं बिरुदेवाला इचारावं लागंल." बिरुदेव म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला कंपनीत होता.

"त्याला काय इचारायचं?" केराबाई म्हणाली. "रान तुमच्या नावावर हाय. चोवीस वर्सं झाली. ह्या बाईनं पोटगी मागितली न्हाय, नोटीस धाडली न्हाय. लगीन मोडल्याचा कागूद न्हाय काय न्हाय. पोरं ल्हान हुती तवा दारात कोर्टाचा मानूस आला आस्ता, तर मी कुटं गेले आस्ते? रोज वाटायचं, आज यील, उद्या यील." ती उठली. "सही द्या. जावा तिच्यासंगं."

मग पहिल्यांदा तिनं सारजाबाईच्या डोळ्यांत पाहिलं. "फकस्त फिरून हितं येऊ नगा. एवडं करा."

"न्हाय येनार," सारजाबाई म्हणाली.

केराबाईनं तिला जेवायला वाढलं. गरम भाकरी, पिठलं. शेवटची एसटी चुकू नये म्हणून सारजाबाई लवकर निघाली. वळणावर तिला मागं बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही.

सिद्धनाथनं तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढला, सातबारा काढला, आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधी तो सोलापूरच्या कोर्टात हजर झाला. धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पटका, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. सुकन्या मॅडमला सारजाबाईनं "गावाकडचे वळखीचे हायत" एवढंच सांगितलं होतं.

कारकुनानं कागद एकावर एक लावले, फोटो चिकटवले. मग दोन्ही आधार कार्डं शेजारीशेजारी ठेवली आणि चष्म्याच्या वरून बघितलं.

"अर्जदार सारजाबाई सिद्धनाथ. जामीनदार सिद्धनाथ. आडनाव एकच." त्यानं पेन उचललं. "नातं काय लिहू?"

सारजाबाईच्या कानात ऊन शिरल्यासारखं झालं. सोलापुरात पहिलं रेशनकार्ड काढताना कारकुनानं नवऱ्याचं नाव मागितलं होतं, ते पुढं सगळ्या कागदांवर तसंच चालत आलं. रोज वापरातलं नाव, पण ते कुणाचं आहे हे ती विसरून गेली होती.

"वळखीचे," ती घाईनं म्हणाली. "तसंच ल्हा. वळख."

सुकन्या मॅडमनं एकदा तिच्याकडं, एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं.

"नवरा ल्हा," सिद्धनाथ म्हणाला.

"नगं," सारजाबाई हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या घरात उगं..."

"घरात सांगून आलोय. खोटं लिवून जामीन कसा ऱ्हायचा?" तो कारकुनाकडं वळला. "नवरा. नांदवली न्हाय म्या तिला. ते बी ल्हायचं आसंल तर ल्हा."

"तेवढी जागा नाही," कारकून म्हणाला. वाईट मनानं नाही, फॉर्मवर खरोखरच जागा नव्हती. त्यानं 'पती' लिहिलं. सिद्धनाथनं अंगठा उठवला, मग सही येते म्हणून शेजारी सहीही केली, एकेक अक्षर उभं करत. खाली सारजाबाईनं केली. साहेबांसमोर दोघांना उभं केलं, दोघांनी हो म्हटलं. पाच मिनिटांत झालं.

बाहेर टपरीवर त्यांनी चहा घेतला. सात रस्ता चौकाच्या बाजूनं गाड्यांचा गोंगाट येत होता.

"आठ वर्सं म्हनलं साहेब," सिद्धनाथ म्हणाला. "आठ वर्सं मी ऱ्हातोय का बगायचं."

"ऱ्हाता की."

"तू येकलीच ऱ्हातीस?"

"व्हय."

त्यानं पेला खाली ठेवला. पटक्याचं टोक नीट केलं. पुढं काहीतरी येणार असं तिला वाटलं, आणि ते येऊ नये असंही वाटलं. "गुडघ्याला काय करताय?" तिनं विचारलं.

"तेल लावतो. उतरत न्हाय." तो उठला. "अकलूज गाडी कितीला हाय?"

ती त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेली नाही. रिक्षात बसवून दिलं, रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला नीट फलाटापाशी उतरव. मग ती कामावर गेली. अर्धा दिवस भरला.

त्यानंतरचं सगळं कागदाच्या चालीनं झालं. तलाठ्यानं सातबाऱ्यावर तिचं नाव अ.पा.क. म्हणून लावलं. पावसाळा सरल्यावर मोजणी आली, दगड पुन्हा जुन्या जागी रोवले गेले. अजिनाथ मोजणीला आलाच नाही, पण नंतर त्यानं बांध मोडलाही नाही. ज्वारीला रान एका शेजाऱ्याला निम्म्या वाट्यानं लावून दिलं. सृष्टीच्या वाट्याच्या पैशांसाठी तिच्या नावानं बँकेत खातं उघडलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सारजाबाई सातबाऱ्याचा उतारा घेऊन मोहोळच्या आजोळी गेली. सृष्टी आता वीतभर वाढलेली दिसत होती. आजीनं "आत्याला पानी दे" म्हटल्यावर तिनं पाणी आणून दिलं. उतारा मोठ्यानं वाचला. सृष्टी भीमा, अज्ञान, मग आत्याचं नाव. "अज्ञान म्हंजी येडी का गं?" तिनं विचारलं.

"न्हाय. ल्हान."

सृष्टीनं उतारा घडी करून परत दिला. बाहेर पोरी लंगडी खेळत होत्या, तिचं लक्ष तिकडंच होतं. सारजाबाईनं कारखान्यातून आणलेले दोन गुलाबी टॉवेल आजीच्या हातात दिले आणि निघायला उठली. पोर दारापर्यंत पळत गेली आणि तिथून मागं वळली.

"आत्या, हिरीत कासव हाय का गं अजून?"

"कसलं कासव?"

"पप्पांनी दावलेलं, ल्हानसं. खालच्या पायरीपाशी येतं. भाकरी टाकली की येतं."

सारजाबाईला माहीत नव्हतं. चार एकर तिनं पावलापावलानं पाहिले होते, विहिरीची खोली कागदावर लिहून दिली होती, पण कासवाचं कुणी सांगितलं नव्हतं. "बगून सांगते," ती म्हणाली. सृष्टी तोवर अंगणात पोचली होती.

पुढच्या सुट्टीला ती केमला गेली. ज्वारी कमरेच्या वर आली होती, पाखरं राखायला शेजाऱ्याची सून मचाणावर होती. तिनं लांबूनच हात केला. सारजाबाई विहिरीच्या पायऱ्या उतरून खालच्या पायरीवर बसली. डब्यातली अर्धी भाकरी कुस्करून पाण्यात टाकली. बारके मासे आले, भाकरी संपवून गेले. तिनं आणखी टाकली. वरून ऊन हळूहळू भिंतीवर सरकत होतं. इतका वेळ कशाचीही वाट बघत ती कधी बसली नव्हती. कारखान्यात हात चालायचे, खोलीत डोळे मिटायचे. इथं दोन्ही मोकळे होते, त्यामुळं भीमा आठवला, हसणारा, पोरीला कडेवर घेऊन याच पायऱ्या उतरणारा. त्याच्यासाठी रडू तिला तेराव्यालाही आलं नव्हतं. ते आता आलं, आणि विहिरीत कुणाला ऐकू जायचा प्रश्न नव्हता.

भाकरीचा शेवटचा तुकडा ती स्वतः खाणार होती. तेवढ्यात पाण्याखाली काहीतरी काळपट हललं, ताटाएवढं. डोकं वर आलं, दोन नाकपुड्या. तिनं तुकडा टाकला.

वर येऊन तिनं मोहोळला फोन लावला. आजीनं उचलला. सृष्टी शिकवणीला गेली होती.

"काय निरोप हाय का?" आजीनं विचारलं.

"तिला म्हनावं, हाय."

"काय हाय?"

"तिला कळंल," सारजाबाई म्हणाली. "म्हनावं, ल्हान न्हाय आता. मोटं झालंय."